हिरवा डोळा मिटेपर्यंत

“आईच्या मांडीला काय काटे फुटलेत गो? आई घरात बसलीय जितीजागती, आन् पोर बगावं तवा शेजारच्या मांडीत!”

गोदूबाई हे बोलल्या ते सुपातल्या सुकटीला. सुकट काही उलट बोलणार नव्हती. पण मधली भिंत कुडाची होती, आणि कुडापलीकडे त्यांची सून वेणू बोंबील साफ करत बसली होती. गोदूबाईंचं पुटपुटणं नेहमी असंच बेताचं असायचं. कुणाला टोमणा मारला असं कुणी म्हणू नये, आणि जिच्यासाठी मारला तिच्या कानातून तो सुटूही नये.

वेणूने बोंबलाचं डोकं जरा जास्तच जोरात उडवलं.

सासू खोटं बोलत नव्हती, हेच तर दुखणं होतं. वेणूची हौसा अडीच वर्षांची झाली होती. लग्नानंतर चांगली वाट पाहायला लावून आलेली पोर. उरणच्या माहेरी सगळे म्हणाले होते, आता बघ, ही तुझा पदर सोडायची नाही. आणि पोरीने पदर धरला तो शेजारच्या हेप्झिबाचा.

पनवेलच्या त्या आळीत दोन्ही घरांच्या ओट्या एकमेकींना चिकटून होत्या. एका ओटीवर वेणूचा नवरा धर्मराज, तो भाताच्या गिरणीत कामाला, आणि त्याची आई गोदूबाई, बाजारात सुकट-सोडे विकणारी. दुसऱ्या ओटीवर नाथन आणि हेप्झिबा, हे यहुदी जोडपं. नाथन टपाल कचेरीत होता. हेप्झिबा मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि वय आता असं झालं होतं की आळीने त्याबद्दल विचारणं सोडून दिलं होतं. शेजार जुना होता. गोदूबाई ताजी मासळी आली की आधी खवल्यांचा मासा निवडून हेप्झिबाकडे पाठवायच्या, कारण बिनखवल्यांचा, किंवा कोलंबी-चिंबोरी त्या घरात चालत नाही हे त्यांना पाठ होतं. हेप्झिबा हौसाला झबली शिवून द्यायची. सगळं कसं सरळ चाललं होतं.

मग दिवाळीनंतर नाथनने रेडिओ आणला.

लाकडी पेटी, पुढे सोनेरी जाळीचं कापड, खाली पिवळ्या उजेडाची काच, काचेवर कुठकुठल्या गावांची नावं. आणि वरच्या कोपऱ्यात एक गोल हिरवा डोळा. बटण फिरवलं की आधी काहीच व्हायचं नाही. पेटी जरा तापायची, मग तो डोळा हळूहळू उघडायचा. काटा नेमका जागेवर आला की बारीक व्हायचा, सुटला की पसरायचा. थोरामोठ्यांना गाणी ऐकू यायची, बातम्या ऐकू यायच्या. हौसाला फक्त डोळा दिसायचा.

दिवेलागणीला हेप्झिबा रेडिओवरचं विणलेलं कापड उचलायची, की हौसा ओटी ओलांडून तिच्या मांडीत. अगदी पेटीसमोर. तोंड उघडं, हात गुडघ्यावर, पापणी म्हणून लवत नाही. मागे ओटीवर सगळी आळी पसरलेली असायची. धर्मराजला बातम्या लागायच्या, गोदूबाईंना भजन, कुणाला सिलोनची गाणी. बाकी कुणी एवढं शांत बसत नाही तेवढी ही चिमुरडी बसते, याचं सगळ्यांना कौतुक. “बगा, कशी देवासारखी बसलीय,” गोदूबाई म्हणायच्या. नाथन म्हणायचा, “मोठी झाली की आकाशवाणीवर लागेल नोकरीला.”

रात्री उशिरा ओटी रिकामी व्हायला लागली, की रेडिओ चालू असतानाच देव घरी यायचा आणि वेणूच्या वाट्याला राक्षस. डोळे टक्क उघडे. अंथरुणावर टाकली की उठून उभी. पाणी पाहिजे, नको. गोष्ट पाहिजे, ही नको, ती पण नको. वेणूने थोपटावं तर हात झटकायची. वेणूने गाणं म्हणावं तर तोंडावर हात ठेवायची. शेवटी रडायला लागायची ती एकच घोष धरून:

“झिबा पायजे. झिबा.”

धर्मराज कूस बदलून म्हणायचा, “तुला पोर निजवता येत नाय का गो?”

सकाळी हौसा उशिरापर्यंत लोळायची, उठली की चिरचिर, भाताचा घास तोंडात धरून पेंगायची. गालाची हाडं दिसायला लागली. वेणू तिला न्हाऊ घालताना पाठीचे मणके बोटाला लागायचे, आणि ती बोटं तिथंच थांबायची.

उपाय सांगायला आळीत कुणीच मागे नव्हतं. गोदूबाईंनी सहाणेवर जायफळ उगाळून चाटवलं. मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. कुणी म्हणालं पायाच्या तळव्यांना तेल चोळ, कुणी म्हणालं उशाखाली कोयता ठेव. धर्मराजने कोयता ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीची लाकडं फोडायला तोच शोधत बसला. रोज संध्याकाळी हे सगळे सल्लागार रेडिओसमोर बसून वेणूच्या पोरीच्या झोपेची चिंता करत. आवाज मोठा असल्यामुळे चिंताही जरा ओरडूनच करावी लागे.

वेणू ओटीवर फारशी थांबायची नाही. चूल आहे, भांडी आहेत, असं म्हणून आत यायची. खरं कारण वेगळं होतं. तिला ते दृश्य बघवायचं नाही. हेप्झिबाचं पातळ नेहमी परीटघडीचं, अंगाला पावडरीचा मंद वास, हात शिवणकामाचे, मऊ. वेणूचे हात खवल्यांनी कापलेले, आणि कितीही धुतले तरी बोंबील सांगणारे. रोज हौसाच्या डोक्याला ती खोबरेल चोपडून पाठवायची, आणि परत आलेल्या डोक्याला वास यायचा पावडरीचा. एकदा तर तिने तेवढ्यासाठी पोरीचे केस पुन्हा धुतले. हौसाने आळी डोक्यावर घेतली. “काय झालं गो?” हेप्झिबाने ओटीवरून विचारलं. “माती लागली व्हती,” वेणू म्हणाली.

त्याहून जास्त लागलं ते चौकटीचं. हेप्झिबाच्या दाराच्या चौकटीला उजव्या हाताला एक छोटी नळी ठोकलेली होती. तिच्यात त्यांच्या देवाचं वचन. घरात जाता-येता ती माणसं बोटं तिला लावून ओठांना लावत. हेप्झिबा हौसाला उचलून तिचीही बोटं लावायची. एक दिवस हौसा आपल्या घराच्या उंबऱ्यावर उभी राहिली, टाचा उंचावून तिने वेणूच्या चौकटीवर हात टेकला, जिथं काहीच नव्हतं, एक जुना खिळा होता, आणि बोटांचा मुका घेतला. धर्मराज पोट धरून हसला. वेणूही हसली. मग आत जाऊन तांदूळ निवडताना तिला खडे दिसेनात.

हे सगळं सोसलं असतं एक वेळ. पण शुक्रवार होता.

शुक्रवारी हौसा झोपायची.

पहिल्यांदा वेणूला वाटलं, दमली असेल. मग दुसऱ्या शुक्रवारी तसंच, तिसऱ्यालाही तसंच. दिवे लागून जरा वेळ झाला न झाला तोच हेप्झिबा दारात उभी. खांद्यावर हौसा, हात लोंबकळत, तोंडातून लाळेचा धागा. “निजली गं,” ती हळूच म्हणायची. आणि लगेच द्यायची नाही. वेणूने हात पुढे केले तरी ती क्षणभर तशीच उभी राहायची, पोरीच्या पाठीवर हात ठेवून. वेणूला वाटायचं, दाखवतेय मला. बघ, तुला आठवडाभर जमत नाही ते मी कसं चुटकीसरशी करते.

शनिवारी सकाळी हौसा हसत उठायची, दोन भाकऱ्यांचा चुरा खायची, कोंबडीमागे धावायची. आणि वेणू, जिने आनंदाने नाचायला हवं, ती चुलीपुढे बसून जळायची.

“शुक्रवारी झिबा तुला काय देते गो?” तिने एकदा पोरीला मांडीत घेऊन विचारलं.

“शबत,” हौसा म्हणाली.

“कसला?”

“काला काला. गोड.”

झालं. वेणूच्या डोक्यात प्रकाश पडला. शुक्रवारी सकाळी हेप्झिबा काळ्या मनुका पाण्यात भिजत घालते, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. संध्याकाळी त्या कुस्करून, गाळून शरबत करतात. त्यांचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, लागताना नाथन पेला हातात घेऊन प्रार्थना म्हणतो आणि घरातली सगळी एकेक घोट घेतात. म्हणजे एवढंच गुपित! आणि शेजारीण असून सांगितलं नाही. सांगेल कशाला? सांगितलं तर पोर आपल्या आईकडे नाही का झोपणार?

बुधवारी वेणूने बाजारातून काळ्या मनुका आणल्या. सासूला दिसू नयेत म्हणून पदरात बांधून आणल्या, माठामागे वाटीत भिजवल्या. आणि हेप्झिबा एक मूठ घालते, तर आपण दोन घालाव्या, म्हणजे गुण लवकर येईल, असा हिशेब केला. दिवेलागणीला तिने हौसाला पेलाभर शरबत पाजलं. पोरीने पेला चाटून पुसून दिला आणि उड्या मारत रेडिओ बघायला गेली.

त्या रात्री झोपेचा तर पत्ता नव्हताच, पण हौसाचं पोट असं मोकळं झालं की वेणूची दोन लुगडी आणि गोदूबाईंची एक गोधडी कामाला लागली. सकाळी माठामागे मनुकांचा चोथा सापडला.

“ह्ये काय गो?” गोदूबाईंनी तो दोन बोटांत धरून विचारलं.

“औषद,” वेणू म्हणाली.

“कसलं?”

“झोपंचं.”

गोदूबाईंनी चोथ्याकडे पाहिलं, दोरीवर वाळणाऱ्या गोधडीकडे पाहिलं. “गुन आला,” त्या म्हणाल्या. “घरात कुनाचा डोल्याला डोला लागला नाय.”

मग वेणूने सरळ दार लावून घेतलं. पोर घरात, आपण घरात, कडी वर. हौसा दाराला नाक लावून उभी राहिली. कुडातून रेडिओ स्वच्छ ऐकू येत होता.

“तो जागा हाय,” हौसा म्हणाली.

“कोन?”

“डोला.”

वेणूला वाटलं, पोरीचं काहीतरी. एवढ्यात धर्मराज आला. “बातम्या लागल्या असतील,” म्हणत त्याने कडी काढली. हौसा त्याच्या पायांमधून निसटली. गोदूबाई भजनाचा सूर कानावर पडताच सुकटीची टोपली तशीच टाकून उठल्या. घरात वेणू एकटी राहिली. कडीकडे बघत.

त्या शुक्रवारी तिने ठरवलं, आपण स्वतः जाऊन बघायचं. शरबतात आणखी काय पडतं ते. दिवस मावळायच्या आधीच ती कोथिंबिरीची जुडी देण्याचं निमित्त करून हेप्झिबाकडे गेली.

“ये ना, बस,” हेप्झिबा म्हणाली. ती नुकतीच न्हायली होती. घर झाडूनपुसून लख्ख. छताला टांगलेल्या काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल, तेलावर वात. हेप्झिबाने ती लावली, डोळ्यांवर हात धरून काहीतरी पुटपुटली. पाटावर चपात्या स्वच्छ कपड्याखाली झाकलेल्या. नाथनने पेला उचलून प्रार्थना म्हटली. हौसा शेजारी हात जोडून उभी, अर्धे शब्द त्याच्यामागून, अर्धे स्वतःचे. मग शरबत. वेणू बारकाईने बघत होती. हौसाच्या वाट्याला आला एक चमचा. चिमणीची तहान भागणार नाही एवढा.

मग हौसा रेडिओजवळ गेली. रेडिओवर ते विणलेलं कापड होतं, पार खालपर्यंत ओढलेलं. तिने कापडाची कड उचलून आत डोकावलं.

“निजला,” ती कुजबुजली.

कड खाली सोडली, वर एकदा थोपटलं, वेणू तिला थोपटते तसं, आणि परत येऊन हेप्झिबाच्या मांडीवर आडवी झाली. तिथून तिने वेणूकडे पाहिलं. जांभई दिली. दिव्याची सावली भिंतीवर हलत होती, नाथन हलक्या आवाजात एक स्तोत्र म्हणत होता, आणि वेणूच्या डोळ्यांदेखत, जायफळाशिवाय, कोयत्याशिवाय, तिच्या पोरीच्या पापण्या उतरल्या.

“रेडवा नाय लावला?” वेणूने विचारलं. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

“आज शब्बाथ ना,” नाथन म्हणाला. “उद्या आभाळात तारे दिसेपर्यंत हात लावायचा नाही.”

हेप्झिबाने हौसाच्या कपाळावरचे केस मागे सारले. वेणूने हात पुढे केले. आणि आजही हेप्झिबा लगेच उठली नाही.

घरी आल्यावर हौसाला अंथरुणावर ठेवून वेणू तिच्याशेजारी बसून राहिली. शरबत नाही, पावडर नाही, मऊ हात नाहीत. पेटी बंद होती, एवढंच. रोज समोर एक डोळा टक्क उघडा असताना हे लेकरू कसं झोपेल? तो जागा, म्हणून ही जागी. पोरीने स्वतः सांगितलं होतं, अन् आईने तिकडे लक्ष दिलं नव्हतं. तिला हलकं वाटायला हवं होतं. पण एक गोष्ट टोचत राहिली. बंद रेडिओसमोर पोर निजली, ती मांडी कुणाची होती?

रविवारी संध्याकाळी ओटी भरली होती. वेणूही आली. चूल नाही, भांडी नाहीत, सरळ येऊन पुढे बसली. हौसा हेप्झिबाच्या मांडीत, हिरव्या उजेडात तोंड न्हालेलं. डोळ्यांखाली काळं.

“नाथनभाऊ,” वेणू म्हणाली, “दिवे लागल्यावर रेडवा बंद ठेवा.”

गाणं चालू होतं. नाथनने आवाज कमी केला. “काय म्हणालीस?”

“पोर निजत नाय त्याच्यापायी. दिवसा लावा कवाबी. दिवे लागल्यावर नको. ती निजंपर्यंत तरी.”

ओटीवर हालचाल झाली, पाय आखडले गेले, कुणी खाकरलं.

“आगो पन बातम्या त्याच वक्ताला असतात,” धर्मराज म्हणाला.

“तुमच्या बातम्यांनी गिरनीत भात जास्त भरडला का कवा?”

“मी काय म्हनते,” गोदूबाई मध्ये पडल्या, “गानी नकोत, बरोबर हाय. भजन चालंल. भजनानं लेकराला काय व्हनार?”

“आये, लेकरू ऐकत नाय. बगतंय.”

“आवाज बारीक ठेवू,” नाथन म्हणाला. “अगदी बारीक. हिला पाठमोरी बसवू.” त्याने हौसाला वळवून पाहिलं. हौसाने मान गर्रकन फिरवून पुन्हा डोळ्याकडे तोंड केलं. मागे कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

वेणूला एकदम कळलं. तिने सगळ्यांकडे पाहिलं. नवऱ्याने नजर चुकवली. सासूने पदर सारखा केला, जो सारखाच होता. “शुक्रवारी निजते, बाकीचे दिवस नाय,” ती म्हणाली. “हे तुमाला सगल्यांना ठाव व्हतं. मिरच्या ओवालल्या, जायफल चाटवलं, कोयता ठेवला. ह्या पेटीचं नाव कुनी काढलं नाय.”

काचेमागून बाईचा आवाज बारीक सुरात गात राहिला.

“आन् तुमाला पन ठाव व्हतं,” वेणू हेप्झिबाला म्हणाली. “तुमी तर रोज मांडीत घेऊन बसता. शुक्रवारी खांद्यावर आनून देता. मला कशी जलवता तुमी, तुमाला कल्पना नाय. रोज रात्री माजं पोर तुमचं नाव घेऊन रडतं. एक शब्द बोलला असता तुमी.”

“वेणू,” नाथन म्हणाला, “अगं, हिच्या मनात तसं काही...”

हेप्झिबाने त्याला हाताने थांबवलं. हौसाला कडेवर घेऊन ती उठली, पेटीपाशी गेली, आणि बटण फिरवलं. गाणं तुटलं. काचेतला पिवळा उजेड गेला. हिरवा डोळा मात्र लगेच गेला नाही. तो हळूहळू आक्रसत, मंद होत विझला. हौसा बघत होती. तिने जांभई दिली, एवढी मोठी की दाढा दिसल्या, आणि डोकं हेप्झिबाच्या खांद्यावर टेकलं.

हेप्झिबाने पेटीवर कापड ओढलं. मग वेणूसमोर येऊन उभी राहिली. तिची नजर पोरीच्या डोक्यावर होती.

“ठाऊक होतं मला,” ती म्हणाली. “पहिल्या शुक्रवारपासून. रेडिओ बंद केला की ही निजते, आणि निजली की तू घेऊन जातेस. म्हणून मी तो बंद करत नव्हते.”